गडचिरोलीहून नागपूरला, बाबांना दाखवायला

पहाटेच्या एसटीने निघालो. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत गणेशपेठला उतरेपर्यंत साडेदहा वाजले. बाबा 76 वर्षांचे, त्यांना प्रवास फुकट. बाई म्हणून मला अर्धं तिकीट. खर्च पुढेच होतो, ऑटोत आणि राहण्यात.

बाबांच्या गालात आतून जखम आहे. चाळीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला. बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी, आमच्याकडच्याच एका लॅबने केली होती. तो रिपोर्ट घेऊन आम्ही मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. केस पेपर काढला, नंबर लागला. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "ब्लॉक आणि स्लाइड?" मी नुसती बघत राहिले.

काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्याची पातळ चकती काचेवर लावतात, ती स्लाइड. मोठ्या दवाखान्यात ते पुन्हा स्वतः तपासतात. लॅबने आम्हाला नुसता कागद दिला होता. दुसऱ्या दिवशी भाऊ ते घेऊन आला. नखाएवढा ब्लॉक, कापसात गुंडाळून डबीत. तेवढ्यासाठी बाबांची एक रात्र लॉजवर गेली. तोंड दुखत होतं, पेजसुद्धा घशाखाली उतरत नव्हती. त्या रात्रीचा मला अजून राग येतो.

म्हणून सांगते, निघण्याआधी लॅबमधून ब्लॉक, स्लाइड मागूनच घ्या, सीटी स्कॅनची सीडीही. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं का ते गावातच बघा. महात्मा फुले योजनेचं, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं काम त्यावरच अडतं. योजनेच्या दवाखान्यात मदतीला आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा. ओपीडी सकाळची, तेव्हा आदल्या दिवशीच पोहोचा. एम्स मिहानमध्ये आहे, शहरापासून दूर. मेयो हा दुसरा सरकारी दवाखाना, तो रेल्वे स्टेशनजवळ. रेफर चिठ्ठीवर कोणता दवाखाना लिहिलाय ते बघूनच ऑटोत बसा.

आमच्या शेजारी छिंदवाड्याचं एक कुटुंब होतं. त्यांचं आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशचं, पण ते दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या दवाखान्यातही चालतं. हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले तर आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण सहा आठवडे. रोज गावाहून येणं होत नाही. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात. राहण्याची स्वस्त सोय पहिल्याच दिवशी त्यांना विचारा. आम्ही तिसऱ्या दिवशी विचारलं.

सोमवारी पुन्हा जातोय. यावेळी भाऊ सोबत आहे, आणि पेजेचा थर्मास.