समुद्रमेथीची जुडी

पावसाळा सरला की भायखळ्याच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला हंगामाच्या सणाचे, म्हणजे देवाला पीक अर्पण करायच्या रविवारचे, वेध लागायचे. जेमतेम तीस घरं, मुंबईत गुंठाभर शेत कुणाचंच नाही. तरी त्या रविवारी वेदीपुढे पाय ठेवायला जागा नसे. नगरकडून एसटीने आलेला भोपळा, बाजरीची कणसं, अंडी, नारळ, महिला मंडळाच्या करंज्या. उपासना आटोपली की अंगणात लिलाव. पन्नासाला घेतलेला नारळ घेणारा तिथंच परत अर्पण करी आणि तो पुन्हा बोलीला चढे. एकेक नारळ चार-चारदा विकला जाई!

मी बारा वर्षांचा होतो. गॅलरीत रंगाच्या डब्यात वाळू भरून मी समुद्रमेथी पेरली होती. दहा दिवसांत बोटभर झाली. दोऱ्याने बांधलेली ती जुडी पाळकसाहेबांनी उचलली, तेव्हा अंगण गप्प. मग मागून आवाज आला, "अकरा रुपये!"

ते पेटीवाले आजोबा होते. जुडी त्यांनी परत दिली नाही. मुळांची वाळू झटकून रुमालात गुंडाळली. "संध्याकाळी घरी ये. आई कशी करते ते आजीला सांग."

आजींनी लसूण आणि मूगडाळ घालून परतली. जेवण झाल्यावर आजोबांनी पेटी पुढ्यात घेतली. १९८२च्या संपात त्यांची गिरणी सुटली, सोबती गावोगावी पांगले. माझ्या वयाचं मंडळीत कोणी नव्हतं. आमची दोस्ती अशी जमली. दर रविवारी मी त्यांच्याकडे. रेव्हरंड टिळकांची भजनं मी तिथंच शिकलो. "टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, इथं मुंबईतच झाला," ते अभिमानाने सांगत, "पण अभंग त्यांनी सोडला नाही. तूही ठेका सोडू नकोस, गवई." मी त्यांच्या बँकेच्या स्लिपा भरायचो, ते माझं प्रगतिपुस्तक माझ्या बाबांच्या आधी बघायचे. अजूनही एखादं भजन सुरू झालं की माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरतो.

दरवर्षी मेथी माझी आणि बोली त्यांची. शेवटच्या वर्षी त्यांना जिना उतरवेना. सणाच्या सकाळी जुडी घेऊन मी थेट त्यांच्या चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर गेलो. त्यांनी उशाखालून अकरा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले.

"हे लिलावात टाक. जुडी आजीकडे दे."