मजूर सहकारी संस्था : नोंदणीपासून पहिल्या बिलापर्यंतचा माझा अनुभव

मजूर सहकारी संस्था म्हटले की आमच्या तालुक्यात ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "मागे कोण आहे?" हा प्रश्न अगदीच अनाठायी नाही. कागदावर मजुरांच्या आणि प्रत्यक्षात एखाद्या ठेकेदाराच्या किंवा पुढाऱ्याच्या ताब्यात असलेल्या संस्था सर्वांनी पाहिलेल्या आहेत. तेथे सभासदांकडून फक्त सह्या घेतल्या जातात. त्यामुळे गावातील गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी यांनी मुकादमाला वगळून स्वतःची संस्था काढायचे ठरवले, तेव्हा मागे कोणी नाही हे पटवून देण्यातच बराच काळ गेला. माझे वडील त्या गवंड्यांपैकी एक आणि मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हणून कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 6 प्रमाणे संस्थेच्या नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. ही अट वाचायला सोपी आहे, पण बांधकामावर नवरा-बायको बहुधा जोडीने राबतात आणि कायद्याच्या दृष्टीने ते एकच कुटुंब ठरते. साहजिकच प्रवर्तकांच्या, म्हणजे संस्था नोंदवायला पुढे येणाऱ्या पहिल्या व्यक्तींच्या, यादीत सगळीकडे पुरुषांचीच नावे येऊ लागली. आम्ही त्यावर दोन गोष्टी केल्या. ज्या घरात बाईच नियमित कामावर जाते, त्या घरातून तिचेच नाव दिले. आणि नोंदणी झाल्यावर पहिल्याच सभेत उरलेल्या स्त्रियांना स्वतंत्र भाग देऊन सभासद करून घेतले. एका व्यक्तीला एक मत हा सहकाराचा नियम असल्यामुळे डोक्यावर पाट्या वाहणारी बाई आणि तिला हाताखाली घेणारा गवंडी यांचे मत तेव्हापासून सारखे झाले. मी मात्र सभासद न होता पगारी सचिव राहिलो, आणि ते योग्यच झाले, कारण जो हाताने काम करीत नाही तो मालक नसावा, हाच तर संस्थेचा हेतू होता.

त्यानंतरचे टप्पे ठरलेले आहेत : नावाचे आरक्षण, मुख्य प्रवर्तकाच्या नावे बँकेत खाते, भागभांडवल व प्रवेश फीचा भरणा, उपविधी म्हणजे संस्थेचे अंतर्गत नियम, प्रत्येक जण मजुरीवरच जगतो याचे दाखले आणि सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे प्रस्ताव. यांत दाखल्यांनी सर्वाधिक दमवले. ज्याच्या नावावर वडिलोपार्जित थोडी कोरडवाहू जमीन आहे, त्याला शेतकरी म्हणायचे की मजूर, याचे उत्तर प्रत्येक टेबलावर निराळे मिळे.

आता मुख्य मुद्दा. स्थानिक स्वराज्य संस्था अशा संस्थांना मदत करतात म्हणजे नेमके काय करतात? लोकांना वाटते की अनुदान मिळत असेल. मिळते ते राखीव काम. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद यांची ठरावीक रकमेच्या आतील छोटी कामे मजूर संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले नोंदणीकृत ठेकेदार यांच्यात वाटली जातात. वर्षानुवर्षे हे प्रमाण 33:33:34 असे सांगितले जात आले. पुढे शासन निर्णयांनी त्यात आणि रकमेच्या मर्यादेत बदल होत गेले. मजूर संस्थांच्या वाट्याची कामे निविदेविना, काम वाटप समितीमार्फत दिली जातात. मोठ्या ठेकेदाराशी दराच्या स्पर्धेत आम्ही एक दिवसही टिकलो नसतो, त्यामुळे या तरतुदीचे मोल मी कमी लेखत नाही.

आमच्या वाट्याला गावातील गटाराचे आणि शाळेच्या संरक्षक भिंतीचे काम आले. कार्यारंभ आदेश हातात पडला त्या दिवशी पेढे वाटले गेले. मात्र त्या आदेशासोबत एक रुपयाही येत नाही. सिमेंट, खडी आणि सळई उधारीवर आणायची, सभासदांना आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरीप्रमाणे पैसे द्यायचे, काम झाल्यावर शाखा अभियंत्यांनी मोजमाप पुस्तकात नोंद घ्यायची, ती उपअभियंत्यांनी तपासायची, आणि मग बिल लेखा शाखेत जायचे. तेथे निधी शिल्लक असेल तर ठीक; नाही तर पुढच्या तरतुदीची वाट पाहायची. बिलातून आयकर, बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर, खडी-वाळूसारख्या गौण खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि सुरक्षा अनामत कापली जाते. 2022 च्या जुलैपासून स्थानिक संस्थांच्या अशा बहुतेक कामांवर वस्तू व सेवा कर 18 टक्के झाला. तो अंदाजपत्रकात धरलेला असला तरी बिल रखडले की त्याचा भार आधी संस्थेवर पडतो.

नेमक्या याच फटीतून ठेकेदार आत शिरतो. आमच्याकडेही एक जण आला. बोलणे अगदी गोड होते : काम संस्थेच्या नावावरच राहू द्या, पैसा मी घालतो, तुम्हाला ठरावीक टक्के देतो, सभासदांनी कामावर आले तरी चालेल, न आले तरी चालेल. उधारीवाला दारात उभा असताना हे नाकारणे किती अवघड असते, ते मी पाहिले. बनावट मजूर संस्थांबद्दल पुष्कळ लिहिले जाते, आणि त्यांत मुळापासून लबाड असलेल्या संस्था आहेतच. पण माझ्या मते चांगल्या हेतूने निघालेल्या काही संस्थासुद्धा खेळत्या भांडवलाअभावी याच दाराने विकल्या जातात. राखीव काम देणारी यंत्रणा ते काम पूर्ण होईपर्यंत मजुराने काय खावे, याचा विचार करीत नाही.

हे अटळ आहे असेही नाही. पुणे महापालिकेने 2008 मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला, त्यात सेवाशुल्क घरोघरून थेट कचरावेचकाच्या हातात येण्याची सोय होती. रोजची कमाई पालिकेच्या बिलावर अडून राहत नव्हती. केरळमधील उरालुंगलची मजूर संस्था 1925 पासून चालू आहे आणि आज रस्ते-पूल बांधते. तिच्यामागे तेथील सरकारने दिलेल्या कामांची सलग साखळी आहे. वर्षातून एखादे गटार देऊन कोणतीही संस्था तशी उभी राहत नाही.

आम्ही ठेकेदाराला सभेत सर्वांसमोर नकार दिला. सभासदांनी काही आठवडे अर्ध्या मजुरीवर काम केले, उरलेली रक्कम संस्थेच्या वहीत प्रत्येकाला देणे म्हणून लिहिली आणि बिल निघाल्यावर ती सर्वांत आधी चुकती केली. मार्चअखेरीच्या गर्दीत आमचे बिल निघाले, त्यासाठी सभासद स्त्रियांनी कार्यालयात जाऊन बसण्याचा उपयोग माझ्या सर्व पत्रांपेक्षा अधिक झाला, हे मान्य केले पाहिजे.

सध्या प्रत्येक बिलातील काही भाग हजेरी निधी म्हणून, म्हणजे पुढचे बिल रखडले तर मजुरी देण्यासाठी, वेगळा ठेवण्याचा ठराव आहे. काम स्वीकारण्यापूर्वी त्याच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे ज्या खात्यातून त्या कामाचा खर्च होणार त्यात, निधी प्रत्यक्ष आला आहे काय, याची लेखी माहिती मी मागतो. ती नेहमी मिळतेच असे नाही, आणि न मिळाल्यास काम घ्यायचे की सोडायचे, हे सचिव ठरवत नाही. ते सभा ठरवते.