थर्मोस्टॅट काढून टाकायचा नसतो

मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा मधली जागा सोडून वर सरकू लागला. एसी बंद केला आणि हीटर फुल गरमवर टाकला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तोही ओढून घेतो. आत भट्टी झाली, पण काटा थांबला. घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. इंजिन फणफणलेलं आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, जेमतेम कोमट! गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोहोचतच नव्हतं.

जवळच्या गॅरेजवाल्याने निदान अचूक केलं. "साहेब, थर्मोस्टॅट जाम झालाय. काढून टाकतो, आपल्याकडच्या गरमीत लागतो कुठे?" थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप; माझी बंदच अडकली होती. काढून टाकायचा हा सल्ला सर्रास मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो. तोवर गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. मी नको म्हणालो. उन्हं उतरल्यावर हीटर चालू ठेवून, काट्यावरची नजर न हलवता, सावकाश पुण्याला परतलो.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना कामाला लागलो. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, थेट तोंडावर येतं. कूलंट टबात काढलं, दहाच्या पान्याने थर्मोस्टॅटवरच्या कव्हरचे, म्हणजे हाउसिंगचे, दोन बोल्ट सोडले आणि थर्मोस्टॅट हातात आला. त्यावर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांना तो उघडायला सुरुवात व्हायला हवी. आतलं मेण तापून फुगतं आणि झडप ढकलतं, एवढीच त्याची करामत.

स्वयंपाकात परत वापरायचं नाही असं एक जुनं पातेलं घेतलं. बुडाला टेकू नये म्हणून थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकवला, शेजारी पाकाचा थर्मामीटर. ८२ झाले, ९० झाले, झडप ढिम्म. पाणी खळखळ उकळलं तेव्हा कुठे तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली. नवा आणला तोही न तपासता बसवला नाही. तो ८३च्या आसपास हलला आणि ९५पर्यंत चांगला उघडला. हे पाहताना जे समाधान वाटलं ते बिल भरून कधीच मिळालं नसतं.

नवा गॅस्केट टाकला, थर्मोस्टॅटवरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवली, कारण अडकलेली हवा तिथूनच निसटते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं आणि काम झालं असं समजलो. गाडी चालू केली तर डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज, काटा वर आणि हीटरमधून थंड वारा. सिस्टिमने एअर धरली होती.

गाडी बंद केली आणि दोन तास गार होऊ दिली. मग सोसायटीच्या उतारावर तोंड वर करून उभी केली, झाकणाच्या जागी नरसाळं बसवलं, हीटर फुल गरमवर ठेवला आणि इंजिन आयडलवर सोडलं. होज गार होते तोवर हाताने दाबत राहिलो. बुडबुडे येत, पातळी खाली जाई, मी भर घालत राही. तब्बल ४० मिनिटं गेली. वरचा होज एकाएकी तापला, थोड्या वेळाने फॅन लागला, बंद झाला, पुन्हा लागला. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून सणसणीत गरम हवा आली.

सांडलेलं सगळं लगेच धुऊन पुसून काढलं. कूलंट गोडसर लागतं, कुत्री ते चाटतात आणि मरतात. आमच्या गेटपाशी तीन कुत्री आहेत.

सकाळी गार इंजिनात पातळी बोटभर उतरली होती, तेवढी भरली. पुढच्या रविवारी मुद्दाम भर दुपारी, एसी लावून, खंबाटकी चढलो. काटा मधोमध होता, माथ्यापर्यंत तिथेच राहिला.