तुम्ही विचारलंत म्हणून: झांगा-सांगाला, म्हणजे मध्य आफ्रिकेतल्या हत्ती-गोरिलांच्या जंगलाला, दोघांना किती दिवस लागतात?

आठवडा. एकाच ठिकाणी. त्यातच काँगोतली आणखी दोन अभयारण्यं बसवणार असाल, तर मुळात जाऊच नका.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य टोकाला, सांगा नदीकाठी बायांगा नावाचं गाव आहे. झांगा-सांगाचं जंगल तिथून सुरू होतं. ताडोब्यासारखी जिप्सी इथे कामाची नाही, पायीच फिरायचं. हत्ती बघायला झांगा बाई या मोकळ्या, वालुकामय पटांगणात जायचं, तर वाट ओढ्यातून जाते आणि पाणी गुडघ्याच्याही वर येतं. चामड्याचे ट्रेकिंग बूट आणि जीन्स घरीच ठेवा, त्या दमट हवेत वाळतच नाहीत. पाणी निथळून जाणारे कॅनव्हासचे बूट बरे. कपडे खाकी किंवा मातकट हवेत. निळ्या-काळ्या रंगावर त्सेत्से माश्या येतात.

तिथल्या मचाणावरून दुपारी जास्त हत्ती दिसतात. वाळूत सोंड खुपसून ते खालचं खनिजयुक्त पाणी ओढतात. चांगला खड्डा थोराड हत्तीच्या ताब्यात, पिल्लं कडेला ताटकळलेली. पहिल्या दिवशी निव्वळ फोटो होतात. कोण कोणाला हुसकावतंय हे कळायला दुसरी-तिसरी दुपार लागते. अंधाराआधी निघायचंच, कारण परतीची वाट हत्तींचीही आहे.

गोरिला बघण्याचे नियम कडक आहेत: तोंडावर मास्क, किमान 7 मीटर अंतर, फार तर एक तास. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. एकाला शिंका येत असतील, तर दोघांनीही मुक्कामीच थांबायचं (रात्रभर एकाच मच्छरदाणीत होतात ना!). हे निघण्याआधीच ठरवा, तिथे वाद नको. जंगलात डोळ्यांत शिरणाऱ्या माश्या म्हणजे आपल्या कोतीसारख्या, डंख नसलेल्या छोट्या मधमाश्या. चिरडलीत तर वासाने आणखी येतात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी न्या.

या जंगलातल्या मूळच्या बाआका लोकांना ‘पिग्मी’ म्हणू नका. त्यांचं बहुस्वरी गायन 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण ते तुमच्या कपल-फोटोशूटची पार्श्वभूमी नव्हे. त्यांच्याबरोबर जाळ्याच्या शिकारीला जायचं तर उद्यानाच्या कार्यालयातून ठरवा आणि पैसे कसे वाटले जातात ते विचारा. या शिकारीत बायकाही बरोबरीने असतात. शिकार मिळालीच नाही तरी कुरकुर नको. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका, फोटोआधी विचारा. तिथल्या सांगो भाषेतलं ‘बालाओ’ (नमस्कार) आणि ‘सिंगीला’ (आभार) एवढं तरी यावं. सीएफए फ्रँकच्या (तिथल्या चलनाच्या) लहान नोटा जवळ हव्यात, मोठी मोडून मिळणं अवघड.

पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्या. प्रमाणपत्राशिवाय परतलात, तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. देशाच्या काही भागांत अशांतता आहे, म्हणून परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचूनच तिकिटं काढा. विमा घेताना जंगलातून विमानाने बाहेर काढण्याचा खर्च त्यात येतो का, आणि त्या देशाचं नाव वगळलेलं तर नाही ना, हे लेखी विचारून घ्या.