आईची सही चालत नाही?

"पालकाची सही लागंल ताई. वडिलांना पाठवा."

आज बीडमधल्या एका शाळेच्या खिडकीपाशी हे ऐकलं. समोरची बाई हलली नाही. "लेकराला आणते मी, नेते मी, फी भरते मी. मंग मी कोण?" तिच्या पिशवीतून लेकराचा डबा अन् लसीकरणाचं कार्ड डोकावत होतं. शेवटी सही घेतली, पण 'वडील/पालक' असं छापलेल्या रकान्यात. आईला रकानाच नव्हता!

कारकुनाला तरी काय बोलणार? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातच नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, 'त्यांच्यानंतर' आई. हे 'नंतर' म्हणजे फक्त वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगायला १९९९ साल उजाडावं लागलं. वडील लक्षच देत नसतील, तर ते हयात असतानाही आई पालक ठरते.

आता आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. मला याचा मनापासून आनंद आहे. पण ही लेकरं शाळेत जातील तेव्हा फॉर्म तरी बदललेले असतील का?

तुमच्या गावच्या शाळेत काय छापलंय?