नवा कोट जुना करताना: लंडनमधील वेशभूषेचे काम

परभणीची माझी भाची फोनवर हमखास विचारते, "मावशी, तिकडे सध्या कोणती फॅशन चालू आहे गं?" मी लंडनमध्ये दूरचित्रवाणी मालिकांसाठी वेशभूषा करते. हे काम म्हणजे नटनट्यांना सुंदर कपडे घालणे, असा समज उदगीर-लातूरकडच्या माझ्या बहुतेक नातेवाइकांचाही आहे. प्रत्यक्षात या व्यवसायात फॅशनचा भाग थोडा असतो आणि माणूस कसा जगतो, याचा अभ्यास फार मोठा असतो.

काम सुरू होते ते संहितेपासून. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्यामुळे, कथेतील कोणत्या दिवशी कोणते पात्र काय घालते, याचा तक्ता आधी करावा लागतो. नायकाचे लग्न पहिल्या भागात असते, तो पुरात सापडतो तिसऱ्या भागात, पण नदीकाठची जागा आधी मिळाली की पुराचे चित्रीकरणच आधी होते. म्हणून एकाच कोटाचे नवा, वापरलेला आणि फाटका असे जोड तयार ठेवावे लागतात. नायकाच्या नटाऐवजी पाण्यात उडी घेणाऱ्या कलाकारासाठी आणखी एक लागतो तो वेगळाच. बाही कुठपर्यंत दुमडली होती, कोणते बटण उघडे होते, याची छायाचित्रे दृश्यागणिक काढून जपली जातात.

मला सर्वांत आवडणारे काम मात्र नवा कपडा जुना करण्याचे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतमजुराचा कोट करायचा असेल, तर आधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवून मापे पक्की करतात आणि मग जाड लोकरी कापडाचा खरा कोट शिवला जातो. त्यानंतर तो ओला करून, खिशांत दगड भरून टांगून ठेवतात, म्हणजे खिसे ओघळतात. कोपरे, बाह्यांच्या कडा आणि काजांच्या बाजू पॉलिश पेपरने घासल्या जातात. स्वयंपाकघरातली किसणीही या कामी चालते. कॉलरला मेण चोळून मळकट चकाकी आणतात, खांद्यांचा रंग उन्हाने उडाल्यासारखा फिका करतात आणि शेवटी मुलतानी मातीची धूळ बसवतात. पांढरा सदराही चहाच्या पाण्यातून काढावा लागतो, कारण शुभ्र पांढरा रंग कॅमेऱ्यापुढे डोळ्यांवर येतो.

कुठे घासायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे ज्याला कळते तो या कामात टिकतो, आणि ही नजर मला मराठवाड्याने दिली आहे. बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, कारण उसाच्या पात्याने हात कापतात. त्या शर्टाच्या बाह्या ओरबाडून धागे सुटलेले असतात, पाठ मात्र धड असते. डोक्यावर ओझे वाहणारीच्या पदराला चुंबळीचा गोल पडलेला असतो. चुन्याची डबी बाळगणाऱ्याचा खिसा खालच्या कोपऱ्यात आधी विरतो, आणि पाइप बाळगणाऱ्या इंग्रज मजुराचा खिसाही तिथेच विरतो.

आपल्याकडच्या मालिकांत शेतात राबणाऱ्या बाईच्या अंगावर घडी न मोडलेली साडी दिसते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, पण त्याचा दोष मी वेशभूषाकाराला देणार नाही. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे असतील, तर कपडा झिजवायला त्याला वेळ मिळणार कुठून? इकडे सहा-आठ भागांच्या मालिकेची तयारी चित्रीकरणाच्या कित्येक आठवडे आधी सुरू होते.

भानू अथय्या यांचे नाव महाराष्ट्रात नव्याने सांगायला नको. मूळच्या कोल्हापूरच्या या बाईंना 'गांधी' चित्रपटासाठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा एका माणसाचा प्रवास त्या चित्रपटात कपड्यांतूनच कळतो. मी उदगीरची, जिथे राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते, त्यामुळे धुवून धुवून मऊ पडलेली खादी आणि ठाणातून नुकती कापलेली खादी यांतला फरक ओळखणे किती मोलाचे आहे, हे मला विशेष जाणवते. दूरचित्रवाणीवर घडलेल्या वेशभूषाकारांपैकी मला जेम्स अ‍ॅचेसन आदर्श वाटतात. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेत 1974 साली 'डॉक्टर' या नायकाच्या भूमिकेत नवा नट आला, तेव्हा त्यांनी मफलरसाठी विणकाम करणाऱ्या बेगोनिया पोप यांच्याकडे रंगीबेरंगी लोकर दिली. पोपबाईंनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली आणि तो लांबलचक मफलर त्या पात्राची ओळख झाला. हेच अ‍ॅचेसन पुढे चित्रपटांकडे वळले आणि त्यांनी तीन ऑस्कर मिळवले.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना थेट वेशभूषाकाराचे पद मिळत नाही. प्रथम उमेदवारी करावी लागते. त्यात इस्त्री, धुलाई, नावाच्या पट्ट्या शिवणे आणि पहाटे कपड्यांच्या गाडीपाशी हजर राहणे, हे सगळे येते. पुढे सेटवर कपड्यांवर लक्ष ठेवणारा सहायक, मग खर्च आणि वेळापत्रक सांभाळणारा पर्यवेक्षक, असे टप्पे असतात. बरेच कपडे भाड्याने आणले जातात. लंडनमध्ये 1840 पासून चालत आलेली एंजल्स आणि जॉन ब्राइट यांनी 1965 साली सुरू केलेली कॉसप्रॉप ही त्यासाठीची दोन मोठी नावे आहेत. अशा पेढ्यांतल्या कोटाची कॉलर उलटली, तर पूर्वी तो घातलेल्या नटाच्या नावाची पट्टी कधीकधी आत तशीच सापडते.

नोकरी अशी येथे बहुतेकांना नसते. प्रत्येक मालिकेचा करार वेगळा असतो, आणि दोन कामांमधल्या रिकाम्या महिन्यांसाठी पैसे आधीच बाजूला टाकावे लागतात. पुढचे काम बहुधा मागच्या सहकाऱ्याच्या शब्दावर मिळते. म्हणून चित्रीकरण संपल्यानंतरचे आठवडेही तितकेच महत्त्वाचे असतात. भाड्याचा प्रत्येक नग धुवून, उसवलेले शिवून आणि यादीशी ताडून परत करावा लागतो, आणि एखादा हातमोजा जरी कमी भरला तरी त्याची भरपाई निर्मितीच्या खर्चातून करावी लागते.