एक्स्पिरियन्स : निल

भाची सध्या नोकरीसाठी सीव्ही करते आहे. लिहिते आहे असं म्हणवत नाही, कारण तिचं बरंचसं काम रंगवण्याचंच चाललंय. डाव्या हाताला निळा पट्टा, गोलात फोटो, आणि खाली एकेक गुण आडव्या पट्टीत भरलेला. एक्सेल नव्वद टक्के. संवादकौशल्य ऐंशी टक्के. या मुलीला जेवायला तीनदा हाक मारली तरी ती ओ देत नाही. तिचं संवादकौशल्य ऐंशीवर गेलं कसं, मला कळेना.

"ही फॅट कुणी लावली?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. पुण्यात वाढलेली पोर, तिला कसा कळणार?

आमचं गाव कऱ्हाड तालुक्यातलं. माझे वडील, अण्णा, गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. सचिव म्हणजे दूध मोजणारे, पावती फाडणारे, शिव्या खाणारे आणि डेअरीचं शटर उघडणारे, सगळे तेच. पहाटे पाचला कॅन वाजायला लागले की मीही उठायची. अण्णा माप घ्यायचे, मी फॅट लावायची, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजायची. नळीत आधी १० मिलि सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर अलगद १०.७५ मिलि दूध, मग १ मिलि अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका बसेल इतकी तापायची. फडक्यात धरून ती यंत्रात घालायची, हँडल गरगरा फिरवायचं, आणि मग उजेडाकडे धरून वर आलेला पिवळा थर वाचायचा. म्हशीला ६, गाईला साडेतीन. त्याच्या खाली गेलं की दर कापला जायचा. माझ्या एकाही ओढणीला ॲसिडची भोकं पडायची राहिली नव्हती.

फॅट वाचणं सोपं होतं. अवघड होतं ते सांगणं. "पोरी, कालच्याला सहा-दोन हुती, आज पाच-सहा कशी लागली?" असं एखादी मावशी कंबरेवर हात ठेवून विचारायची. तिच्या कॅनमध्ये विहिरीचा वाटा किती हे तिला ठाऊक, मला ठाऊक, मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक. तरी तिची अब्रू न काढता तिला ते सांगायचं. मी म्हणायची, "मावशी, म्हशीला चारा बदललाय का ओ?" दुसऱ्या दिवशी फॅट आपोआप सहावर यायची. दर दहा दिवसांनी सगळ्यांची बिलं व्हायची: लिटर, फॅट, दर, उचल, पेंडीची कपात. ती मी रात्री चुलीपाशी बसून करायची. बेरीज पैशापर्यंत जुळल्याशिवाय अण्णा झोपू द्यायचे नाहीत.

हे सगळं मी बी.कॉम. होईपर्यंत, सलग पाच वर्षं केलं.

२००२ साली निकाल लागला आणि अण्णा मला घेऊन कऱ्हाडला एसटी स्टँडजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात गेले. काम दोन बायोडाटांचं. एक नोकरीचा आणि एक लग्नाचा. आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे एकाच खेपेत दोन्ही उरकावेत हा हिशोब. टायपिंगची चाळीसची परीक्षा मी पास झाले होते, एमएस-सीआयटी आदल्याच वर्षी निघालं होतं, तेही केलं होतं. पण आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि अण्णांच्या मते असल्या गोष्टी 'त्यातल्या माणसानंच' कराव्यात.

त्यातला माणूस म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलगा. लग्नाचा बायोडाटा त्यानं सराईतपणे घेतला. वर गणपती, मग नाव, जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, मामांचं आडनाव, शेती किती, विहीर आहे का. आईनं निघताना बजावलं होतं, 'गव्हाळ' नको, 'निमगोरी' टाका. छंदांत स्वयंपाक, रांगोळी, भरतकाम. माणसाबद्दल एवढी बारीक चौकशी पोलीससुद्धा करत नसतील.

मग त्यानं तीच फाइल दुसऱ्या नावानं सेव्ह केली आणि मजकूर खोडत खोडत नोकरीकडे आला.

"काका, ऑब्जेक्टिव्ह टाकायचं ना?"

"त्ये काय असतंय?"

"सगळेच टाकतात."

"मग टाक की."

अशा रीतीनं आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीत स्वतःची प्रगती साधणे हे माझ्या आयुष्याचं ध्येय ठरलं. त्या दिवशी त्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं तेच ध्येय होतं. छंद बदलून रीडिंग आणि ट्रॅव्हलिंग झाले. माझं ट्रॅव्हलिंग तोवर जोतिबा आणि पंढरपूर, दोन्ही एसटीनं. एक्स्पिरियन्सपाशी मुलगा थांबला. मी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी माझ्याकडे.

"न्हाई बा, कुठं नोकरी केली न्हाई तिनं," अण्णा म्हणाले. मुलानं निल टाइप केलं. मलाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

लाइट जायची वेळ झाली होती, म्हणून त्यानं घाईघाईनं पाच प्रती काढल्या. दहा रुपयांना एक. बाहेर येऊन पाहते तर सगळ्यात वरच्या ओळीत दोन दांड्या, एक डॉलरची खूण, तीन इंग्रजी अक्षरं आणि एक उद्गारचिन्ह. ही काय भानगड हे मला उशिरा उमगलं. मराठी तेव्हा श्रीलिपीसारख्या फाँटांत टाइप व्हायचं. तोच मजकूर इंग्रजी फाँटात गेला की अक्षरांचा असा चिवडा व्हायचा. लग्नाच्या बायोडाटावरची 'श्री गणेश प्रसन्न' ही ओळ खोडायची राहून गेली होती. अण्णा म्हणाले, "पन्नास रुपये गेल्यात. वरच्या एका वळीनं काय हुतंय?"

अर्जासोबत गुणपत्रिकेच्या सत्यप्रती लागायच्या आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. आता आपली आपणच सही करून चालतं, तेव्हा तसं नव्हतं. आमच्या ओळखीतले एकमेव राजपत्रित अधिकारी म्हणजे पशुधन विकास अधिकारी. म्हशीच्या पोटात हात घालून आलेले डॉक्टर साबणानं कोपरापर्यंत धुऊन बसले आणि माझं बी.कॉम. खरं असल्याचं त्यांनी पाच प्रतींवर लिहून दिलं. माझ्या शिक्षणावर अजूनही तो जनावरांच्या दवाखान्याचा गोल शिक्का आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात मुलाखत झाली. सरांनी कागद हातात घेतला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"गणपती आहे सर."

ते काही बोलले नाहीत, पण टेबलावर टाकलेला कागद त्यांनी उचलून सरळ ठेवला. अनुभव नाही ना, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी रोजकिर्दीचं एक पान पुढे सरकवलं, बेरीज करा म्हणाले आणि कॅल्क्युलेटर शोधायला लागले. तो सापडायच्या आत मी बेरीज सांगितली, आणि मधल्या एका रकमेत अंक उलटे पडलेत तेही.

"कुठे शिकलात?"

"डेअरीत, सर."

"इथे लिहिलं नाही ते?"

"ते घरचं काम होतं."

महिना अठराशे रुपयांवर त्यांनी मला ठेवून घेतलं. लग्नाचा बायोडाटा तीन वर्षांनी लागू पडला. त्यातलं फक्त उंचीचं कलम वाचलं होतं, असं नवऱ्यानं पुढे कबूल केलं.

हे ऐकून भाचीनं मोबाइल पुढे केला. जगातला पहिला सीव्ही म्हणे लिओनार्दो द विंचीचा. १४८२च्या सुमारास त्यानं मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला काम मागायला पत्र लिहिलं: मी पूल बांधतो, तोफा करतो, झाकलेले रथ करतो. अशी दहा कलमं, आणि चित्रकलेचा उल्लेख पार शेवटी, जाता जाता. गंमत म्हणजे त्या पत्राचा जो मसुदा आज आहे, तो त्याच्या स्वतःच्या अक्षरात नाही. दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतलेला आहे. म्हणजे डीटीपीवाला त्यालाही लागला होता. त्यानं चित्रकला जरा वर घेण्याचं सुचवलं असतं, तर तेवढं बरं झालं असतं.

"तुझा तो सीव्ही आहे का गं आत्या अजून?"

गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये होता. पाचातल्या दोन प्रती कुठेच गेल्या नव्हत्या. एका बाजूनं कोरा कागद आमच्या घरात कधी वाया जात नसे. भाचीनं आधी वरची ओळ वाचायचा प्रयत्न केला, हसली, मग कागद उलटला.

"मागे काय आहे हे? अक्षर तुझंच आहे."

दहा दिवसांचं बिल होतं. चौतीस नावं, लिटर, फॅट, दर, पेंड. मी चष्मा लावला आणि सवयीनं वरून खाली बेरीज करत गेले.

चाळीस पैशांचा फरक निघतोय. रात्री परत एकदा बघते.